दहाला दोन नावे

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी तायक्वांदोच्या वर्गाला जात असेल, तर कोरियन भाषेतले थोडेफार आकडे त्याच्या कानांवरून नक्कीच गेले असतील. शिक्षक मोठ्याने मोजतात, ‘हाना, दुल, सेत, नेत...’ आणि प्रत्येक शब्दाबरोबर सगळ्या रांगेचे पाय एकदम हवेत जातात. वर्ग पुण्यातला असो की नागपूरचा, लाथा कोरियन भाषेतच मोजायच्या, असा त्या खेळाचा रिवाज आहे. पण त्याच वर्गात आणखीही एक गोष्ट कानावर पडते. लाथा झाल्या की हालचालींचे ठरलेले संच करायचे असतात. बऱ्याच वर्गांत त्यांची नावे ‘तेगुक इल जांग’, ‘तेगुक इ जांग’, ‘तेगुक साम जांग’ अशी असतात. म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा संच. पुढे काळा पट्टा मिळाला की ‘इल दान’, मग ‘इ दान’.

आता जरा थांबा. लाथ मारताना ‘एक’ला ‘हाना’ म्हटले आणि संच करताना त्याच ‘एक’ला ‘इल’ म्हटले. ‘तीन’ एकदा ‘सेत’ झाला आणि एकदा ‘साम’. शिक्षकांची काही चूक झाली का? मुळीच नाही. कोरियन भाषेत आकड्यांचे दोन पूर्ण संच आहेत आणि कोरियातली मुले, दुकानदार, डॉक्टर, शिपाई दिवसभर या संचातून त्या संचात ये-जा करत असतात. कोणी त्यांना ‘आता कोणता संच वापरला?’ असे विचारले तर त्यांना क्षणभर विचारच करावा लागेल.

प्रथम दोन्ही संच ओळीने वाचून घ्या. पहिला, कोरियन मातीतला: हाना, दुल, सेत, नेत, दासॉत, यॉसॉत, इल्गोप, यॉदॉल, आहोप, यॉल. दुसरा, चीनमधून आलेला: इल, इ, साम, सा, ओ, युक, छिल, फाल, गु, शिप. देवनागरीत हे उच्चार जवळपास बसतात, तंतोतंत नाही. पण आपले काम भागेल.

कोरियन भाषा चिनी भाषेच्या कुळातली नाही. वाक्याची रचना तर आपल्यासारखी, क्रियापद शेवटी. पण शेजारी चीनसारखा लिहिता-वाचता देश आणि आपल्याकडे स्वतःची लिपी नाही, अशी कोरियाची शेकडो वर्षे गेली. लिहायचे म्हणजे चिनी अक्षरांत लिहायचे. राजा सेजोंग याने १४४३ साली कोरियन भाषेसाठी नवी, सोपी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती लोकांपुढे ठेवली. तरीही सरकारी कागदपत्रांत चिनी अक्षरांचेच राज्य राहिले. नव्या लिपीला सरकारी मान्यता मिळायला १८९४ साल उजाडावे लागले. एवढ्या काळात सारा, शेतसारा, तारखा, मोजमापे, खजिन्याचे हिशेब यांची सगळी नोंद चिनी आकड्यांत होत राहिली. घरात मात्र अंडी मोजणारी आजी ‘हाना, दुल, सेत’ असेच मोजत होती. कचेरीतले आकडे वेगळे आणि अंगणातले वेगळे, अशी ही वाटणी आहे आणि तिची खूण आजच्या बोलण्यातही स्पष्ट दिसते.

घड्याळाकडे पाहा. दहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. कोरियन माणूस म्हणेल, ‘यॉल शी, शिप बुन’. ‘शी’ म्हणजे वाजले आणि ‘बुन’ म्हणजे मिनिट. एकाच दमात दोन दहा आले. तासाचा दहा ‘यॉल’, मिनिटाचा दहा ‘शिप’. तीन वाजून तीन मिनिटे झाली तर ‘से शी, साम बुन’. कोरियन शिकणारा परदेशी विद्यार्थी पहिल्या महिन्यात येथेच हमखास अडखळतो.

हे लक्षात कसे ठेवायचे? पुष्कळ पुस्तकांत ‘लहान संख्यांना कोरियन आकडे, मोठ्यांना चिनी’ असे सांगितलेले असते. मला ते पुरेसे वाटत नाही. तीन मिनिटे ही काय मोठी संख्या झाली? त्यापेक्षा स्वतःला एक प्रश्न विचारावा: ही संख्या मी मोजली, की वाचली? घड्याळाचे टोल पडतात, तेव्हा तास कानांनी मोजता येतात. एक, दोन, तीन. मिनिटे मात्र कोणी मोजत बसत नाही, ती तबकडीवरून वाचायची असतात. मोजलेल्याला ‘हाना, दुल’. वाचलेल्याला ‘इल, इ’. लाथा आपण मोजतो, संचाचा क्रमांक वाचतो. कोरियन सैन्यात चोवीस तासांचे घड्याळ वापरतात. तेथे दुपारचे दोन म्हणजे चौदा, आणि तो चौदा ‘शिप-सा शी’ असा चिनी पद्धतीने उच्चारतात. चौदा टोल कोणी ऐकत नाही, तो आकडा तक्त्यावरचाच.

ही गुरुकिल्ली सगळी कुलपे उघडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खाणावळीत भाजलेले मांस मागवताना ‘तीन माणसांपुरते’ हे चिनी आकड्याने सांगतात, ‘साम इन्बुन’. आणि भाताचे तीन वाडगे मागवताना कोरियन आकडा लागतो. असे अपवाद शब्दासकटच पाठ करावे लागतात. पण दहापैकी आठ वेळा वरचा प्रश्न तुम्हांला योग्य दारापर्यंत नेऊन सोडील.

‘सेत शी’ न म्हणता ‘से शी’ म्हटले, हे तुमच्या लक्षात आले का? मोजायच्या वस्तूच्या नावाला चिकटताना पहिले चार कोरियन आकडे शेपूट गाळतात. हाना, दुल, सेत, नेत यांचे हान, दु, से, ने होते. वीसचा ‘सुमुल’ही ‘सुमु’ होतो. पण नेमके वीस असतील तरच, पंचवीसमध्ये तो पूर्ण राहतो. यात कोरियन भाषेने काही जगावेगळे केलेले नाही. आपणही ‘दोनपट, तीनपट, चारपट’ न म्हणता ‘दुप्पट, तिप्पट, चौपट’ म्हणतो. जी नाणी जास्त हातांतून फिरतात ती लवकर झिजतात. शब्दांचेही तसेच आहे आणि एक ते चार यांच्याइतका वापर दुसऱ्या कोणत्या आकड्यांचा होतो?

आता आकड्याच्या मागे लागणाऱ्या शब्दांची गंमत. कोरियन भाषेत नुसते ‘तीन पुस्तके’ असे सहसा म्हणत नाहीत. ‘पुस्तक, तीन प्रती’ अशा धाटणीने म्हणतात. आणि ‘प्रती’च्या जागचा शब्द वस्तूप्रमाणे बदलतो. साध्या वस्तूंना ‘गे’, पुस्तकांना ‘ग्वॉन’, कागद आणि तिकिटे यांसारख्या पातळ वस्तूंना ‘जांग’, बाटल्यांना ‘ब्यॉंग’, पेल्यांना ‘जान’, मोटारी आणि यंत्रे यांना ‘दे’, प्राण्यांना, पक्ष्यांना आणि माशांनाही ‘मारी’, फुलांना ‘सोंगी’. झाडांना जो शब्द आहे तो आपल्या कानाला चक्क ‘गुरू’ असा ऐकू येतो. ‘नामु हान गुरू’ म्हणजे एक झाड! माणसांना ‘म्यॉंग’, आणि मान देऊन बोलायचे असेल तर ‘बुन’. घरी पाहुणे आले तर ते ‘से बुन’ असतात, म्हणजे ‘तिघेजण’ नव्हे, ‘तीन मंडळी’. या सगळ्या शब्दांना कोरियन आकडे लागतात, कारण येथे आपण बोट ठेवून मोजत असतो. पाण्याची एक बाटली हवी? ‘मुल हान ब्यॉंग जुसेयो’. ‘पाणी, एक बाटली, द्या’. शब्दांचा क्रमसुद्धा आपल्या ओळखीचा.

हे वाचून ‘केवढी ही कटकट!’ असे तुमच्या मनात आले असेल. मग जरा आपल्या मराठीकडे परक्याच्या नजरेने पाहा बरे. आपण ‘दोन पेरू’ म्हणतो, पण माणसे आली की ‘दोघे’, ‘तिघे’, ‘चौघे’. दुकानदार साबणाच्या वड्या ‘सहा नग’ म्हणून लिहितो. चौथ्या दिवशी येणारा गणपती ‘चौथीचा’ही असतो आणि ‘चतुर्थीचा’ही. पाढे म्हणताना ‘दोन चार आठ’ म्हणणारा मुलगा तुम्ही पाहिला आहे? ‘बे चोक आठ’च म्हणायचे. आणि विटीदांडू खेळलेल्या आजोबांना विचारा, विटी मारून झाल्यावर अंतर कसे मोजत. ‘वकट, लेंड, मुंड, नाल...’ हे शब्द आपल्या तेलुगू आणि कन्नड शेजाऱ्यांच्या एक-दोन-तीन-चारचीच रूपे आहेत. शाळेतले आकडे निराळे, मैदानातले निराळे, पंचांगातले तिसरेच. फरक एवढाच की आपल्याकडे हे तुकडे-तुकडे झाले आणि कोरियात दोन संच पूर्ण, धडधाकट राहिले.

अगदी पूर्ण, असे मात्र म्हणता येत नाही. कोरियन मातीतले आकडे नव्याण्णवपर्यंतच पोचतात. सुमुल, सॉरुन, माहुन, स्विन, येसुन, इल्हुन, यॉदुन, आहुन, अशी वीस ते नव्वद या दशकांची नावे आहेत. पूर्वी शंभराला ‘ओन’ आणि हजाराला ‘जुमुन’ असे देशी शब्द होते. चिनी ‘बेक’ आणि ‘छॉन’ यांनी त्यांना बोलीतून हुसकावून लावले. म्हणून एकशे एक वर्षांच्या आजीचे वय सांगताना ‘बेक हान साल’ असा जोडीचा शब्द तयार होतो, शंभर चिनी आणि एक कोरियन. (तो ‘साल’ पाहून चमकू नका. वयाची वर्षे मोजण्याचा तो अस्सल कोरियन शब्द आहे. आपला ‘साल’ फारसीतून आला. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणजे ते एका घरचे असतात असे नाही.)

चिनी संचाची खरी करामत मोठ्या संख्यांत दिसते. पस्तीस म्हणायचे? ‘साम-शिप-ओ’, म्हणजे ‘तीन दहा पाच’. नव्याण्णव? ‘गु-शिप-गु’, ‘नऊ दहा नऊ’. दहा शब्द पाठ केले की शंभरपर्यंतचे सगळे आकडे आपोआप येतात. मराठी मुलाला एक ते शंभर यांसाठी जवळजवळ शंभर निरनिराळे शब्द शिकावे लागतात आणि एकोणसाठ, एकोणसत्तर यांत मोठ्यांचीही गडबड होते. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! कोरियन मुलाला तो गदारोळ समजावून सांगणे अवघड जाईल. त्याच्या चिनी संचात एकवीस म्हणजे ‘दोन दहा एक’च आहे. अर्थात त्याला दोन संच शिकावे लागतात, हे विसरू नये.

पण हजाराच्या पुढे गेलो की त्याची आणि आपली वाट वेगळी होते. आपण हजारानंतर शंभर-शंभराच्या पायऱ्यांनी लाख, कोटी, अब्ज असे चढतो. कोरियन माणूस दहा हजारांच्या पायऱ्यांनी चढतो. दहा हजार म्हणजे एक ‘मान’. दहा हजार मान म्हणजे एक ‘ऑक’, आणि दहा हजार ऑक म्हणजे एक ‘जो’. आपला लाख म्हणजे त्यांचे दहा मान, आपला कोटी म्हणजे हजार मान आणि दहा कोटी म्हणजे एक ऑक. दक्षिण कोरियाची लोकसंख्या सुमारे पाच कोटी सतरा लाख आहे. तेथे ती पाच हजार एकशे सत्तर मान अशी सांगतात. दहा हजाराला स्वतंत्र शब्द असणे आपल्यालाही अगदीच परके नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दिलेल्या स्थानांच्या नावांत दहा हजाराला ‘अयुत’ म्हटले आहे. आपण तो शब्द पुस्तकात ठेवून दिला, त्यांनी बाजारात चालू ठेवला.

आणि बाजारात त्याची गरज पदोपदी पडते, कारण कोरियन चलन ‘वॉन’ याची किंमत लहान आहे. एक हजार, पाच हजार, दहा हजार आणि पन्नास हजार वॉन अशा नोटा आहेत. दहा हजारांच्या नोटेवर लिपी देणारा राजा सेजोंग आहे. पाच हजारांच्या नोटेवर यी ई हा विद्वान, आणि २००९ साली निघालेल्या पन्नास हजारांच्या नोटेवर त्याची आई, चित्रकार शिन सायमदांग. आई मुलाच्या दहापट! दहा हजार वॉनला ‘इल मान वॉन’ असे म्हणत नाहीत, नुसते ‘मान वॉन’. आपणही ‘शंभर रुपये’ म्हणतो, ‘एक शंभर रुपये’ म्हणत नाही, तसेच. छापताना मात्र कोरियात स्वल्पविराम पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीन आकड्यांवर देतात आणि वाचायचे चार-चार आकड्यांच्या गटांनी. त्यामुळे मोठी रक्कम दिसली की शून्ये मोजत बसणारी माणसे तेथेही आढळतात. लिहिणे आणि बोलणे यांचा मेळ या बाबतीत आपल्या लाख-कोटींनी चांगला घातला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

समजा, फळवाल्याने पाच सफरचंदांना पाच हजार वॉन सांगितले. तो म्हणेल, ‘सागवा दासॉत गे, ओ-छॉन वॉन’. सफरचंदे हाताने मोजली म्हणून ‘दासॉत’, किंमत पाटीवरची म्हणून ‘ओ’. घड्याळात दोन दहा होते, तसे येथे दोन पाच.

येथवर तुम्ही म्हणाल, चुकून दुसरा आकडा वापरला तर बिघडले काय? दुकानदार हसेल आणि समजून घेईल. बहुतेक वेळा तसेच होते. पण काही ठिकाणी आकड्याचा संच बदलला की अर्थच बदलतो. ‘बुन’ हा शब्द पुन्हा आठवा. तो मिनिटासाठीही आहे आणि आदरणीय माणसासाठीही. ‘इ बुन’ म्हणजे दोन मिनिटे, ‘दु बुन’ म्हणजे दोन मंडळी. कागदावर दोहोंकडे ‘२ बुन’ असेच दिसेल. वाचणाऱ्याने संदर्भ ओळखून तोंडातून योग्य आकडा काढायचा. ‘बॉन’ या शब्दाचेही असेच आहे. ‘साम बॉन’ म्हणजे क्रमांक तीन, ‘से बॉन’ म्हणजे तीन वेळा. पुण्याजवळ रांजणगाव आणि तळेगाव येथे कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी ‘साम बॉन’ यंत्र बंद करा म्हटले तर तीन नंबरचे यंत्र बंद करायचे. ‘से दे’ म्हटले तर तीन यंत्रे. मराठीत घाईघाईने कोणी ‘तीन बंद कर’ असे ओरडले, तर ऐकणाऱ्याने काय समजायचे? कोरियन भाषेत तो घोटाळा आकडाच टाळतो, बोलणारा आणि ऐकणारा या दोघांना संच ठाऊक असले म्हणजे झाले.

औषधाची पुडी घ्या. कोरियात औषध देताना नेहमी सांगतात ते वाक्य असे: ‘हारू से बॉन, शिखु साम-शिप बुन’. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर तीस मिनिटांनी. एका ओळीत दोन तीन आहेत. पहिला ‘से’, दुसरा ‘साम’. ज्याला एकच संच येतो त्याला या ओळीचा अर्धाच भाग कळेल. ताप आलेल्या नवख्या परदेशी विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही काही भाषेची गंमत राहत नाही.

आता दूरध्वनी. क्रमांक सांगताना चिनी आकडे, एकेक सुटा. आग लागली किंवा रुग्णवाहिका हवी असेल तर ११९, म्हणजे ‘इल-इल-गु’. पोलिसांसाठी ११२, ‘इल-इल-इ’. शून्य आले की त्याला ‘गोंग’ म्हणतात. गणिताच्या तासाला मात्र शून्य ‘यॉंग’ असते. ‘गोंग’ या शब्दामागे जे चिनी अक्षर आहे त्याचा अर्थ रिकामे, पोकळ. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनी भाषेत गेले तेव्हा ‘शून्यता’ या शब्दासाठी भाषांतरकारांनी हेच अक्षर वापरले. सोलमधला मुलगा आपला मोबाइल क्रमांक ‘गोंग-इल-गोंग’ असा सुरू करतो, तेव्हा तोही आपल्यासारखेच ‘रिकामे, एक, रिकामे’ म्हणत असतो.

चिनी संचात एक दोष आहे. त्याचे शब्द फार आखूड आहेत. ‘इल’ आणि ‘इ’ यांत फरक केवढासा! खरखरणाऱ्या बिनतारी यंत्रावर एकचे दोन व्हायला वेळ लागत नाही, आणि सैन्यात तसे झाले तर तोफेचा गोळा भलतीकडे पडेल. म्हणून कोरियन सैनिक बिनतारी यंत्रावर दोन्ही संचांतले निवडक शब्द घेऊन तिसराच संच वापरतात: हाना, दुल, साम, नेत, ओ, यॉसॉत, छिल, फाल, आहोप, आणि शून्याला गोंग. वाचून पाहा, यातला कोणताही शब्द दुसऱ्यासारखा ऐकू येत नाही. ‘सा’ आणि ‘साम’ यांचा घोटाळा नको म्हणून चारला ‘नेत’ घेतला. ‘यॉदॉल’ आणि ‘यॉसॉत’ यांची सुरुवात सारखी, म्हणून आठला ‘फाल’. दोन संच असण्याचा एवढा रोकडा फायदा दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

‘सा’ची आणखी एक अडचण आहे. ‘मृत्यू’ या अर्थाच्या चिनी शब्दाचा कोरियन उच्चारही ‘सा’च. म्हणून काही इमारतींच्या उद्वाहकात, म्हणजे लिफ्टमध्ये, तीननंतर चारच्या जागी इंग्रजी ‘एफ’ अक्षराचे बटण असते. उच्चार सारखा असल्याने मजला कसा अशुभ होतो, हे मात्र कोणी सांगत नाही. मजल्यांच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे: मजल्यांना चिनी आकडे लागतात आणि आपला तळमजला हाच त्यांचा ‘इल छुंग’, पहिला मजला. पत्त्यात ‘साम छुंग’ असेल तर आपल्या हिशेबाने दुसऱ्या मजल्यावर जायचे.

तारखांनाही चिनीच आकडे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. महिन्यांना वेगळी नावे नाहीत. एक-महिना, दोन-महिना असेच. जूनचा ‘युक-वॉल’ न होता ‘यु-वॉल’ होतो आणि ऑक्टोबरचा ‘शिप-वॉल’ न होता ‘शी-वॉल’, एवढे दोन अपवाद. कोरियाच्या इतिहासातले मोठे प्रसंग तर आकड्यांनीच ओळखले जातात. जपानी सत्तेविरुद्ध १ मार्च १९१९ रोजी उठलेल्या चळवळीला ‘साम-इल’, तीन-एक म्हणतात. २५ जून १९५० रोजी सुरू झालेल्या युद्धाला ‘युक-इ-ओ’, सहा-दोन-पाच. ते आकडे जोडून ‘युगिओ’ असे उच्चारले की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बदलतो, कारण त्या तीन आकड्यांत त्यांचे बालपण उद्ध्वस्त झालेले असते.

वयाचा आकडा तर कोरियन समाजात फार मोलाचा. समोरचा आपल्यापेक्षा मोठा की लहान, यावर त्याच्याशी बोलताना क्रियापदाचे कोणते रूप वापरायचे हे ठरते. ‘तुम्ही किती वर्षांचे?’ हा प्रश्न तेथे आगाऊपणाचा मानत नाहीत. पण हा मोलाचा आकडा मोजण्याची जुनी रीत ऐकाल तर चकित व्हाल. मूल जन्मतःच एक वर्षाचे धरायचे आणि दर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचे वय एकाने वाढवायचे. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेले बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचे! हिशेब सोपा: चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करा आणि एक मिळवा. १० नोव्हेंबर २०१२ ला जन्मलेली मुलगी जानेवारी २०२३ मध्ये आपल्या हिशेबाने दहा वर्षांची, आणि जुन्या कोरियन हिशेबाने बारा.

यात दोन वर्षांचा फरक पडला. औषधाच्या बाटलीवर ‘बारा वर्षांवरील मुलांना’ असे लिहिलेले असेल, तर आईने या मुलीला कोणती मात्रा द्यायची? विम्याच्या कागदावरचे वय कोणते धरायचे? सरकारी कागदांत एक वय, घरात दुसरे, आणि काही कायद्यांत नुसते वर्षातून वर्ष वजा केलेले तिसरे, असा प्रकार होता. अखेर कायदा झाला आणि २८ जून २०२३ पासून सरकारी व्यवहारात वाढदिवसाला वाढणारे, म्हणजे पुरे झालेल्या वर्षांचे वयच प्रमाण मानले जाऊ लागले. त्या दिवशी सारा देश कागदोपत्री एक-दोन वर्षांनी लहान झाला, असे लोक गमतीने म्हणाले. शाळाप्रवेश आणि सक्तीची सैन्यभरती यांसारख्या थोड्या बाबी वेगळ्या ठेवल्या आहेत. आकड्याचा शब्द मात्र बदलला नाही. दहा वर्षांची मुलगी आजही ‘यॉल साल’च.

कोरियन लोकांना हे सगळे जन्मजात येते असे समजू नका. दिवस मोजण्यासाठी त्यांचे जुने देशी शब्द आहेत: एक दिवस ‘हारू’, दोन दिवस ‘इतुल’, तीन दिवस ‘साहुल’, चार दिवस ‘नाहुल’. २०२० साली १५ ऑगस्टची सुटी शनिवारी आली. सरकारने जुलैमध्ये सोमवार, १७ तारखेलाही सुटी जाहीर केली आणि वर्तमानपत्रांनी मथळे दिले, ‘साहुल सुटी’. शनिवार, रविवार, सोमवार, बरोबर तीन दिवस. पण पुष्कळ तरुण वाचकांनी ‘साहुल’मधला ‘सा’ पाहिला आणि त्याचा अर्थ चार असा घेतला. तीन दिवसांच्या सुटीला चार दिवस का म्हणता, म्हणून वर्तमानपत्रांवरच टीका सुरू झाली! त्या दिवशी संगणकावर आणि मोबाइलवर लोकांनी सर्वांत जास्त शोधलेल्या शब्दांत ‘साहुल’ होता. आजीच्या अंगणातला आकडा नातवाने कचेरीच्या आकड्याने वाचला.

आता तुमची पाळी. पुढचे चार प्रसंग कोरियन भाषेत कसे सांगाल? आधी स्वतःला तो प्रश्न विचारा, मोजले की वाचले, आणि मगच खाली पाहा. (१) वर्गात पंचवीस मुले आहेत. (२) दवाखाना पाचव्या मजल्यावर आहे. (३) चार वाजून चाळीस मिनिटे झाली. (४) आज १५ ऑगस्ट आहे.

उत्तरे: (१) मुले मोजली, म्हणून ‘सुमुल-दासॉत म्यॉंग’. (२) मजला पाटीवर वाचला, म्हणून ‘ओ छुंग’. तेथे जाताना आपल्या हिशेबाने चौथ्या मजल्यावर उतरा. (३) ‘ने शी, सा-शिप बुन’. (४) ‘फाल-वॉल शिप-ओ-इल’. ही तारीख नीट पाठ करा. आपल्या स्वातंत्र्याच्या बरोबर दोन वर्षे आधी, १९४५ साली, याच दिवशी कोरिया जपानच्या सत्तेतून सुटला, आणि त्यांच्या घरांवरही या दिवशी झेंडे लागतात.